ठाण्याला उठायचं

डोंबिवलीहून सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या जलद गाडीत आमचा नऊ जणांचा ग्रुप आहे. नऊ जणांत जागा मिळतात चार, फार तर पाच, आणि त्याही कोणीतरी उलटं कल्याणला जाऊन रुमाल टाकत आला तर. चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवणाऱ्याला आम्ही बसलेला धरत नाही. नियम एकच आहे. आधी बसलेल्यांनी ठाण्याला उठायचं. कळव्याची कारशेड दिसली की कोणी सांगायची गरज पडत नाही. बॅगा खाली येतात, गुडघे वाजतात आणि जागा बदलतात.

काटेकोर हिशेब केला तर हा नियम न्याय्य नाही. डोंबिवली ते ठाणे जेमतेम १४ किलोमीटर, ठाणे ते सीएसएमटी ३४. म्हणून आज ठाण्याला उठलेला उद्या डोंबिवलीला उभा राहतो आणि ठाण्याला बसतो. याची वही नाही आणि ग्रुपला अध्यक्षही नाही. आठवड्याच्या शेवटी कोणाच्या वाट्याला किती मिनिटं आली हे कोणी मोजत नाही, आणि तरी वर्षानुवर्षं भांडण नाही.

एकजण मात्र असा होता, की बसला की डोळे मिटायचा आणि ठाणं येऊन गेलं तरी उघडायचा नाही. त्याला कोणी काही बोललं नाही. फक्त त्याच्यासाठी रुमाल टाकणं थांबलं.

या लेखातला डोळे मिटून बसलेला माणूस मी आहे. गाडीत नव्हे, दुसरीकडे.

एका लहानशा मुक्तस्रोत प्रोग्रॅमच्या मराठी अनुवादाची किल्ली माझ्याकडे होती. किल्ली म्हणजे कोणीही सुधारणा पाठवली की ती तपासून मूळ संचात घ्यायचा किंवा परत पाठवायचा अधिकार. पगार नाही, मानधन नाही. हौस, आणि थोडा मिरवायचा मोह. एका श्रावणात एका मुलाने चाळीसेक वाक्यांच्या दुरुस्त्या पाठवल्या. मी त्या गाडीत उभ्याउभ्या फोनवर पाहिल्या. चांगल्या होत्या, माझ्या दोन ढोबळ चुकाही त्याने पकडल्या होत्या. म्हटलं, रविवारी लॅपटॉपवर निवांत बघू. तो रविवार गणपतीत गेला, पुढचे दिवाळीत. पाच महिन्यांनी त्यानेच ती पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल आत घ्यायची विनंती, बंद केली. तक्रार नाही, टोमणा नाही. त्याच्या नावाखाली गाव लिहिलं होतं, कल्याण. कदाचित तो रोज माझ्याच गाडीत चढत असेल.

त्यानंतर तपासणीच्या या विषयाकडे मी जरा नीट पाहायला लागलो.

*

प्रोग्रॅमर नसलेल्या वाचकासाठी आधी ही तपासणी म्हणजे नेमकं काय ते सांगतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा मजकूर सगळ्यांना खुला असतो. कोणीही तो वाचावा, बदलावा, बदल परत पाठवावा. पण पाठवलेला बदल आपोआप आत जात नाही. मेंटेनर, म्हणजे किल्ली ज्याच्याकडे आहे तो, तो बदल ओळीनिहाय वाचतो, चालवून पाहतो, शंका विचारतो, मग मर्ज करतो, म्हणजे मूळ संचात मिसळतो. बदल करणाऱ्याचं नाव इतिहासात राहतं. वाचणाऱ्याचं बहुतेकदा राहत नाही. घरात पाहुण्यांसमोर पुरणपोळी आणणारी दिसते, पुरण वाटणारी दिसत नाही, त्यातलाच प्रकार.

मराठीत हे वाचणं किती अवघड असतं ते दोन उदाहरणांतून सांगतो. प्रोग्रॅममध्ये एक वाक्य असतं, ‘अमुक काढून टाकलं’. ‘अमुक’च्या जागी चालू असताना काय येईल ते अनुवादकाला दिसत नाही. फाइल आली तर ‘काढली’, फोल्डर आला तर ‘काढला’, चित्र आलं तर ‘काढलं’. इंग्रजीत हा प्रश्नच नाही, कारण तिथे क्रियापदाला लिंग नाही. मराठीत तीन लिंगं आहेत आणि वाक्य एकच आहे. मग तपासणाऱ्याला मूळ प्रोग्रॅम उघडून पाहावं लागतं, की त्या रिकाम्या जागी काय काय येऊ शकतं, आणि वाक्याची रचनाच बदलता येते का. चाळीस वाक्यांना एक संध्याकाळ लागते ती यासाठी. शिवाय रिकामी जागा दाखवणारी खूण अनुवादात चुकून गळली, तर प्रोग्रॅम जागीच कोसळू शकतो. म्हणजे भाषेची चूक एका क्षणात यंत्राची चूक होते.

दुसरं उदाहरण फॉन्टचं. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत एक शिकवायला येईल, दुसरा जिलब्या तळायला. हा ऱ्य मराठीचा आहे, हिंदीला त्याची गरज पडत नाही. त्यामुळे देवनागरी फॉन्ट हिंदी वाचणाऱ्याने तपासला तर तो निर्दोष वाटतो. पाकळीचा ल आणि देठाचा श यांचंही तेच. राज्य सरकारने २००९च्या शासननिर्णयात ही रूपं मराठीची म्हणून ठरवून दिली, पण संगणकाला शासननिर्णय वाचता येत नाही. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही रूपं ठेवून, मजकूर मराठी असेल तर हे दाखव, हिंदी असेल तर ते, अशी सोय कोणीतरी लिहावी लागते आणि कोणीतरी मराठी डोळ्यांनी ती तपासावी लागते. फॉन्ट नव्या आवृत्तीत गेला की पुन्हा.

हे काम महाराष्ट्रात झालं ते मुख्यतः पुण्यात. लोहित या मुक्त फॉन्टमालिकेची मूळ अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आली, ती रेड हॅट या लिनक्स कंपनीने मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केली आणि २०११मध्ये परवाना बदलून फॉन्टसाठीच्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली आणली. रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयात भाषांचा एक चमू होता आणि लिनक्सच्या पडद्यावरची बरीचशी मराठी तिथून आली. गनोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या मराठी अनुवादाच्या फायली उघडल्या, की डोक्यावर अनुवादकांची नावं आणि वर्षं ओळीने दिसतात. मी अशा बऱ्याच फायली उघडून पाहिल्या. दोन-तीनच नावं पुन्हापुन्हा येतात. लेण्यातल्या दानलेखासारखं ते वाटतं. अमक्याने खांब दिला, तमक्याने टाकं. आणि अनेक फायलींत वर्षांची रांग एका ठिकाणी येऊन थांबते.

गनोमची पद्धत मात्र अभ्यासण्यासारखी आहे. एकाने अनुवाद करायचा, दुसऱ्याने वाचायचा, तिसऱ्याने मूळ संचात भरायचा, अशा पायऱ्या तिथे ठरलेल्या आहेत आणि फाइल कोणत्या पायरीवर आहे ते सगळ्यांना दिसतं. कागदावर ही सुंदर वाटणी आहे. पण भाषेच्या चमूत माणसंच दोन असली की अनुवादक, वाचक आणि भरणारा या तिन्ही टोप्या एकाच डोक्यावर येतात, आणि स्वतःचं लिखाण स्वतःच तपासणाऱ्याला स्वतःच्या चुका दिसत नाहीत हे कोणत्याही मुद्रितशोधकाला विचारा.

*

शेतीत आपल्याकडे एकमेकांना हात देण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत. इर्जिक म्हणजे एकाने हाक घालायची, गावाने बैलजोड्या घेऊन यायचं, दिवसभरात त्याचं शेत नांगरून द्यायचं आणि संध्याकाळी जेवून घरी जायचं. सावड वेगळी. आज तू माझ्या खाचरात लावणीला ये, उद्या मी तुझ्या. पैसे नाहीत, पण दिवसाला दिवस देणं लागतं, आणि ते सगळ्यांच्या लक्षात असतं.

आपल्या महाविद्यालयांतून हल्ली ज्या हॅकेथॉन होतात त्या इर्जिक आहेत. रात्रभर जागायचं, पिझ्झा खायचा, सकाळी टाळ्या. त्यात वाईट काही नाही. पण देखभालीला इर्जिक चालत नाही, तिला सावड लागते. फेडोरा या लिनक्स वितरणात ही सावड प्रत्यक्ष चालते. तिथे नवं पॅकेज, म्हणजे बसवायला तयार बांधलेला प्रोग्रॅम, आत घ्यायचं तर दुसऱ्या कोणीतरी ते नियमावलीशी ताडून मंजूर करावं लागतं. मग पॅकेज बनवणारे एकमेकांना विचारतात, तू माझं एक तपास, मी तुझं एक तपासतो. याला ते रिव्ह्यू स्वॅप म्हणतात. नवख्याला तर आधी एक जुना जाणता पाठीराखा मिळवावा लागतो, जो त्याच्या कामाची हमी घेतो. नवख्याने तोवर काय करावं, तर इतरांची पॅकेजं अनौपचारिकपणे तपासून दाखवावीत. म्हणजे तपासणं ही वर चढल्यावर मिळणारी सत्ता नाही, दारातच शिकायची गोष्ट आहे. हे मला फार पटलं.

या तपासण्यांच्या जुन्या नोंदी चाळताना एक नाव सतत भेटतं, पराग नेमाडे. रेड हॅटच्या पुण्याच्या कार्यालयातले. इंग्रजीच्या त्या रानात त्यांनी आपल्या नावापुढे कंसात देवनागरीत ‘पराग’ असं लिहून ठेवलं होतं. जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यातल्या माणसाने बनवलेलं पॅकेज, त्यात परवान्याची प्रत जोडली नाही, अमुक फाइल चुकीच्या जागी आहे, वर्णनात स्पेलिंग चुकलं, आणि खाली ‘पराग’. पुढे ते फेडोराच्या तांत्रिक निर्णय घेणाऱ्या निवडून आलेल्या समितीतही होते. पण मला त्यांची ती कंटाळवाणी शेरेबाजीच जास्त मोलाची वाटते. अर्थात हेही नोंदवायला हवं, की ते पगारी नोकरीत होते आणि हे काम त्या नोकरीच्या जवळचं होतं. डोंबिवलीहून रोज जाऊन-येऊन तीन तास प्रवासात घालवणाऱ्या हौशी माणसाशी त्याची तुलना करणं बरं नव्हे.

फेडोराची दुसरी गोष्ट म्हणजे सोडायची पद्धत. एखाद्याला पॅकेज सांभाळणं जमेनासं झालं, तर तो ते ‘अनाथ’ म्हणून जाहीर करतो. सहा आठवड्यांत कोणी पुढे आलं नाही तर पॅकेज निवृत्त होतं. डेबियन या दुसऱ्या लिनक्स वितरणात तर सोडण्याच्या पायऱ्या आहेत. ‘मदत हवी’, मग ‘दत्तक घेणारा हवा’, मग ‘अनाथ’. लिनक्सच्या गाभ्यात एक यादीच असते, कोणत्या भागाचा सांभाळकर्ता कोण, तपासणारा कोण, आणि तो भाग नीट सांभाळला जातोय, अधूनमधून डागडुजी होतेय, की बेवारस आहे. बेवारस हा शब्द यादीत उघड लिहायला त्यांना लाज वाटत नाही. आपल्या संस्थांमध्ये दहा वर्षं बंद असलेल्या शाखेचाही कार्यवाह अहवालात छापलेला असतो.

याला अपवाद आहेत, आणि ते आपल्या दाराशीच आहेत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. इंग्रज गेले, छापखाने बदलले, वाचक मोबाइलवर गेले, तरी दारं उघडी आहेत. कारण किल्ल्या दुसऱ्यांच्या हाती जायची रीत पडली. सॉफ्टवेअरच्या जगाला अजून संस्थापकांनंतरची दुसरी पिढीच नीट पाहायला मिळालेली नाही.

*

या क्षेत्रात ‘ट्रक फॅक्टर’ नावाचा एक क्रूर विनोद आहे. प्रकल्पातली किती माणसं ट्रकखाली आली तर प्रकल्प थांबेल, तो आकडा. २०१६मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी गिटहबवरचे १३३ लोकप्रिय प्रकल्प मोजले. ६५ टक्के प्रकल्पांत तो आकडा दोन किंवा त्याहून कमी आला. आपल्याकडे ट्रकचीही गरज नाही. लग्न, बदली, बाळ, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, यांतलं काहीही पुरतं.

एकट्यादुकट्याच्या तपासणीचं काय होतं, ते २०१४ साली दिसलं. बँकांपासून ईमेलपर्यंत सगळीकडचं सांकेतिक दळणवळण ज्या ओपनएसएसएलवर चालायचं, त्यात हार्टब्लीड नावाचं भगदाड निघालं. ते भगदाड पाडणारा बदल आत आला होता ३१ डिसेंबर २०११च्या रात्री. एका जर्मन संशोधकाने लिहिला, एका मेंटेनरने तपासला, मर्ज केला. दोघेही हुशार आणि दोघेही प्रामाणिक. एका लांबीची खातरी करायची राहिली, बस. बातमी फुटल्यावर जगाला कळलं, की या प्रकल्पाला वर्षाकाठी देणग्या मिळायच्या सुमारे २००० डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस जवळपास एकच. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी पैसे ओतले. पण मला महत्त्वाचा वाटतो तो नंतर आलेला साधा नियम, की एका बदलाला दोघांची मंजुरी हवी.

म्हणजे वाटून घेतलं की झालं? नाही. इथे २०२४ची गोष्ट सांगायलाच हवी.

एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारं साधन, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असणारं. फिनलंडचे लासे कोलिन ते वर्षानुवर्षं एकट्याने, फुकट सांभाळत होते. २०२२मध्ये काही अनोळखी नावं त्यांच्यामागे लागली. कामं रखडली आहेत, नवा माणूस घ्या, जमत नसेल तर सोडा. त्यातलं एक नाव होतं जिगर कुमार. आपल्याकडचं वाटावं असं, आणि जाणकारांच्या मते पूर्ण बनावट. कोलिन यांनी उत्तरात लिहिलं, की आपलं मानसिक स्वास्थ्य बरेच दिवस ठीक नाही आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, हे लक्षात ठेवा. त्याच सुमारास जिआ टॅन नावाचा एक मदतनीस तत्परतेने चांगल्या दुरुस्त्या पाठवत होता. हळूहळू किल्ली त्याच्याकडे गेली. फेब्रुवारी आणि मार्च २०२४मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवलेला होता. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रॅमरला आपल्या संगणकावर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, तो खणत गेला आणि २९ मार्चला त्याने जगाला सांगितलं. अर्ध्या सेकंदाच्या संशयाने जग वाचलं. जिआ टॅन कोण, हे आजही उघड झालेलं नाही.

ही गोष्ट सांगून बरेच जण म्हणतात, बघा, अनोळख्याला किल्ली दिली की असं होतं. मी ती उलटी वाचतो. कोलिन उठले ते दमल्यावर, दबावाखाली, आणि समोर एकच माणूस हात पुढे करून उभा असताना. ग्रुप असता तर त्या एकावर नजर ठेवणारे आणखी चार जण असते. आमच्या गाडीत ठाण्याला वाटेल त्याला जागा देत नाहीत. ग्रुपमधल्याला देतात, आणि ग्रुपमध्ये यायला काही महिने रोज दारात उभं राहावं लागतं. शिवाय उठायची जागा ठरलेली असते ती पाय दुखायला लागायच्या आधीच.

*

काम वाटून घेण्याचं मुंबईतलं एक उदाहरण मला वारंवार आठवतं, ते ग्नूखाताचं. कृष्णकांत माने या दृष्टिहीन प्रोग्रॅमरने पुढाकार घेऊन उभं केलेलं हे हिशेबाचं मुक्त सॉफ्टवेअर. डिजिटल फ्रीडम फाउंडेशनच्या नावाने ते वाढलं, पायथनमध्ये लिहिलं गेलं. ओळी डोळ्यांनी न वाचता स्क्रीन रीडरवर ऐकून तपासणं म्हणजे काय, याची डोळस माणसाने एकदा कल्पना करून पाहावी. एक कंस राहिला तर तो ऐकूच यावा लागतो. (पुण्यात वाढलेले, वाडिया महाविद्यालयात शिकलेले दृष्टिहीन प्रोग्रॅमर टी. व्ही. रामन यांनी ज्यासाठी इमॅकस्पीक लिहिलं, ते हेच ऐकणं. त्याची पहिली आवृत्ती १९९५ची, आणि ट्रक फॅक्टरच्या दृष्टीने ते प्रकरण अजूनही काळजीचंच.)

ग्नूखाताच्या फायली उघडल्या की प्रत्येकीच्या डोक्यावर परवाना आणि त्याखाली हातभार लावणाऱ्यांची नावं, त्यात बरीचशी मराठी. वेगवेगळ्या फायलींवर वेगवेगळी माणसं. यातून कळतं, की इथे काम एका माणसापाशी साचू नये अशी धडपड होती. केरळात उच्च माध्यमिकच्या वाणिज्य शाखेच्या प्रात्यक्षिकांत हे सॉफ्टवेअर गेलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलने त्याचे धडे केले. महाराष्ट्रात जन्मलेलं मूल केरळात शाळेत गेलं, इथे मात्र शेजाऱ्यांनाही पत्ता नाही. यावर मी वेगळा लेख लिहू शकेन, पण तो रागाचा होईल.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरची गंमत अशी, की ते कधी पूर्ण होत नाही. १ जुलै २०१७ला वस्तू आणि सेवा कर आला आणि व्हॅटसाठी लिहिलेलं सगळं एका रात्रीत जुनं झालं. २२ सप्टेंबर २०२५ला दर बदलले, १२ आणि २८चे टप्पे बहुतांशी गेले, ५ आणि १८ उरले, वर ४०चा एक खास. बातम्यांत साबण स्वस्त झाल्याचा आनंद. पण १२ टक्क्यांनी विकलेला माल ऑक्टोबरात परत आला तर परतीच्या नोंदीवर कोणता दर लागायचा? जुनी बिलं उघडली तर जुनाच दर दिसायला हवा. हे सगळं कोणीतरी बसून लिहायचं, आणि कर समजणाऱ्या दुसऱ्या कोणीतरी तपासायचं. नुसता प्रोग्रॅमर इथे उपयोगाचा नाही आणि नुसता सीएही नाही. मुंबईच्याच ईआरपीनेक्स्टने, म्हणजे रुषभ मेहतांच्या फ्रापे कंपनीच्या मुक्त सॉफ्टवेअरने, २०२२च्या १४व्या आवृत्तीत भारतीय करांचा भाग मूळ सॉफ्टवेअरमधून वेगळा काढला आणि तो ज्यांना त्यातलं कळतं त्यांच्या हाती, स्वतंत्र जोडप्रकल्प म्हणून, जाऊ दिला. वाटणीचा हा मार्ग मला सर्वांत शहाणा वाटतो. सगळ्यांनी सगळं तपासायचं नाही. ज्या भागाला वेगळं ज्ञान लागतं, त्याची वेगळी भिंत बांधायची आणि वेगळी किल्ली करायची.

*

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र शिकणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. त्यांना मुक्तस्रोतात काहीतरी करून दाखवायचं असतं, कारण मुलाखतीत विचारतात. म्हणजे मनुष्यबळ तर आहे. मग अडचण कुठे?

ऑक्टोबर २०२०मध्ये ती जगाला दिसली. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळायचा. भारतातल्या एका लोकप्रिय यूट्यूब वाहिनीवर हे कसं करायचं त्याचं प्रात्यक्षिक आलं, आणि जगभरच्या प्रकल्पांवर ‘हा अप्रतिम प्रकल्प आहे’ असं एक वाक्य वाढवणाऱ्या विनंत्यांचा पाऊस पडला. आयोजकांना ३ ऑक्टोबरला नियम बदलावे लागले, की ज्या प्रकल्पाची तयारी असेल तोच सहभागी. २०२४च्या सुरुवातीला एक्सप्रेस या प्रकल्पावर तसंच झालं. एका शिकवणीच्या व्हिडिओत दाखवलं म्हणून शेकडो मुलांनी प्रकल्पाच्या माहितीपत्रात आपलं नाव घालून पाठवलं. परदेशी मेंटेनर चिडले, भारतीयांची थट्टा झाली. मला थट्टेपेक्षा वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या शेकडोंना कोणी सांगितलंच नव्हतं, की पाठवण्याआधी दुसऱ्याचं पाठवलेलं वाचून बघ, चालवून बघ, काय दिसलं ते लिही. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आता तर यंत्राकडून लिहून घेतलेले, दिसायला चकचकीत पण आतून पोकळ बदल आणि दोषअहवाल येतात. कर्ल या मुक्त साधनाचे मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग २०२४पासून याबद्दल जाहीर कटकट करताहेत. लिहिणं स्वस्त झालं, वाचणं तेवढंच महाग राहिलं.

मला कल्याणच्या त्या मुलाला काय सांगता आलं असतं? ‘तुझं थांबव, आधी हे दुसरं तपास’ एवढं तरी. त्याने ते केलं असतं, असं त्याच्या दुरुस्त्यांवरून वाटतं.

पैशांबद्दल थोडक्यात. टाइडलिफ्ट या कंपनीच्या २०२३च्या पाहणीत ६० टक्के मेंटेनर बिनपगारी निघाले. झिरोधाने ऑक्टोबर २०२४मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला वर्षाला १० लाख डॉलर द्यायचा निधी सुरू केला. भारतीय कंपनीने असं करणं ही आनंदाची बातमी आहे. पण माझ्या त्या पाच महिन्यांना पैसे उपयोगी पडले नसते. मला वेळ नव्हता हे खरंच आहे, पण त्याहून खरं हे, की दुसऱ्या कोणाच्या हाती किल्ली द्यायची माझी इच्छा नव्हती. ‘माझी’ मराठी बिघडवतील, असं वाटायचं.

गेल्या वर्षी मी तीन कामं केली. शब्दांची एक यादी लिहून काढली, कोणत्या शब्दाला काय वापरायचं आणि का. किल्ल्या तिघांत वाटल्या, एक दिव्याला राहणारी मुलगी, एक ठाण्यातले निवृत्त शिक्षक आणि मी. आणि नियम लिहिला, की सात दिवसांत तिघांपैकी एखाद्याने हात लावला नाही तर उरलेल्या दोघांनी निर्णय घ्यायचा. सहा महिने गप्प राहणाऱ्याचं नाव आपोआप ‘माजी’च्या यादीत जाईल, रुसवेफुगवे नाहीत, परत यायचं तर दार उघडं. कल्याणच्या मुलालाही निरोप पाठवला होता. उत्तर आलं नाही.

परवा एका वाक्यावर वाद होता. मूळ अनुवादात ‘हटवा’ होतं. ते हिंदीच्या वळणाचं, तिघांनाही नको होतं. मला ‘पुसा’ हवं होतं. लहान, घरगुती, पाटीपेन्सिलीचा वास असलेलं. शिक्षकांचं म्हणणं, ‘काढून टाका’. फाइल पुसत नाहीत, पुसलं तर रिकामी फाइल मागे उरते. मी गाडीत बसून माझ्या बाजूने चांगला लांबलचक युक्तिवाद टाइप करत होतो. कारशेड दिसली, फोन खिशात टाकला, उठलो. ठाण्याला जी गर्दी आत शिरली तिच्यात हात वर करता आला तो थेट घाटकोपर सोडल्यावर. पाहिलं तर दिव्याच्या मुलीने ‘काढून टाका’ला मंजुरी देऊन मर्जही केलं होतं. सात दिवस आदल्या रात्रीच संपले होते.